हवामान सांगणाऱ्यांपैकी कोणाला फॉलो करावं, कोणाला काढावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात सोयाबीन-तुरीची दहा एकर कोरडवाहू शेती. मोबाईलवर हवामानाचे अकरा यूट्यूब चॅनेल, नऊ व्हॉट्सॲप ग्रुप आणि फेसबुकची चार पेजेस. एक म्हणतो सात जूनपासून मुसळधार, दुसरा म्हणतो वीस तारखेपर्यंत पेरू नका. मग नेमकं कोणाला फॉलो करायचं?

आधी आकडा सांगतो. सात पुरेत, त्याहून जास्त लागत नाहीत. पण ते सात कोणते, हे "कोणाचा अंदाज खरा ठरतो" एवढ्यावरून ठरवायला गेलात तर फसाल. वर्षभरात आभाळ बघून तुम्ही कोणते निर्णय घेता, तिथून सुरुवात करा. कोरडवाहू सोयाबीनवाल्याचे मोठे निर्णय चार: पेरणी कधी, फवारणी कधी, काढणी-मळणी कधी, आणि विजा चमकत असताना रानात थांबायचं की घर गाठायचं. पेरणीला पुढच्या आठ-दहा दिवसांचा कल लागतो, फवारणीला पुढचे सहा-आठ तास, काढणीला चार-पाच दिवसांची उघडीप आणि विजेला पुढची वीस-तीस मिनिटं. या चारही गोष्टी एकच माणूस नीट सांगेल असं होत नाही. म्हणून प्रत्येक खात्याला एक काम नेमून द्या. ज्याला काम देता येत नाही ते खातं काढा.

आता अंदाजाची मर्यादा लक्षात घ्या, कारण चाळणी तीच आहे. पुढच्या तीन तासांचं रडार आणि उपग्रह बघून तालुक्यापर्यंत बऱ्यापैकी सांगता येतं. एक ते तीन दिवसांचं जिल्हा पातळीवर सांगता येतं. चार ते सात दिवसांत फक्त कल कळतो, म्हणजे पाऊस वाढेल की कमी होईल एवढंच. दोन ते चार आठवड्यांचं मराठवाडा किंवा विदर्भ अशा विभागाला सरासरीपेक्षा जास्त की कमी, इतकंच. हंगामाचा अंदाज देशाला आणि मोठ्या प्रदेशांना असतो. देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडणार या वाक्यात औसा तालुक्यातल्या किल्लारी महसूल मंडळासाठी, म्हणजे तिथल्या काही गावांच्या गटासाठी, काहीही नसतं. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर धरतात, त्यात मेघालयही आलं आणि राजस्थानही.

म्हणून "१४ जूनला दुपारनंतर औसा, निलंग्यात ढगफुटीसारखा पाऊस" असं कोणी २ जूनला सांगत असेल, तर त्याचा मागचा अंदाज बरोबर आला होता का हे बघण्याचीही गरज नाही. गडगडाटी ढग काही किलोमीटरचा असतो आणि त्याचं आयुष्य तास-दीड तासाचं. बारा दिवस आधी तो कुठे फुटेल हे कोणत्याच संगणकाला कळत नाही. अशी खाती पहिल्याच फेरीत काढा. निम्मी यादी इथेच संपते.

उरलेल्यांत पाया सरकारी खात्यांचा ठेवा. भारतीय हवामान विभागाचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्याचा अंदाज देतं, नागपूरचं केंद्र विदर्भाचा. लातूरकराने नागपूरचं खातं फॉलो करून उपयोग नाही आणि यवतमाळकराने मुंबईचं. गोव्याचं केंद्र पणजीला वेगळं आहे. हे झालं पहिलं खातं. दुसरं, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ग्रामीण कृषी मौसम सेवा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं पत्रक येतं, त्यात पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावर पीकनिहाय सल्ला असतो. पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशासाठी राहुरी, विदर्भासाठी अकोला, कोकणासाठी दापोली. इथे एक सावधगिरी: कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, ती २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली. त्यांच्या नावाचे जुने ग्रुप आणि पेजेस अजून दिसतात, काही भलत्याच हातांत गेलेली असू शकतात. नाव सरकारी वाटलं तरी शेवटची पोस्ट कधीची आणि कोणाची, ते बघा.

तिसरं आणि चौथं ही खाती नाहीत, ॲप आहेत, पण यादीत त्यांना जागा हवी. 'मेघदूत'वर तेच मंगळवार-शुक्रवारचे सल्ले मराठीत मिळतात. 'दामिनी' हे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ॲप. तुम्ही असाल त्या जागेभोवती वीज पडतेय का ते दाखवतं, आणि त्यासाठी लोकेशन चालू असावं लागतं. लोकेशन बंद ठेवून "दामिनी काही सांगत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. विजेसाठी यूट्यूब चॅनेल बघू नका. व्हिडिओ तयार होऊन तुमच्यापर्यंत येईस्तोवर ढग पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. ही ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. ग्रुपवर हवामानाच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी) आली तर ती उघडू नका. बँक खातं रिकामं करणाऱ्या फाईली नेमक्या अशाच नावांनी फिरतात.

सरकारी अंदाजावर लोकांचा विश्वास उडतो त्याचं मोठं कारण म्हणजे त्याची भाषा कोणी समजावून सांगत नाही. "तुरळक ठिकाणी" याचा अर्थ हलका पाऊस नव्हे. विभागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. म्हणजे चारांतल्या तीन गावांना काही मिळणार नाही, हे त्या शब्दातच सांगितलेलं असतं. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. त्याच्या वरच्या दोन पायऱ्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत आणि त्याहून जास्त. पेरणीचा विचार करताना निदान तिसरी पायरी दिसल्याशिवाय हलू नका. प्रमाणाचे शब्दही ठरलेले आहेत: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. चॅनेलवाला ४० मिलिमीटरलाही अतिवृष्टी म्हणत असेल तर त्याला मोजमापाची पर्वा नाही, एवढं त्यावरून कळतं. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. इशारा जिल्ह्याला असतो, गावाला नसतो. नाशिकचा नारिंगी इशारा बहुतेक वेळा इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरामुळे असतो आणि त्याच दिवशी येवल्यात धूळ उडत असते. म्हणून आता घाटांचा इशारा वेगळा देतात. तेवढी ओळ वाचली तर अर्धा गोंधळ मिटतो.

आता खाजगी अंदाज सांगणारे. यांतले काही खरंच अभ्यासू आहेत आणि सरकारी पत्रकापेक्षा सोप्या बोलीत सांगतात, म्हणून यादीत दोघांना जागा ठेवावी. कोणते दोघे, हे वहीवर ठरवा.

दोनशे पानी वही घ्या आणि एका पानावर सहा रकाने आखा: कोणत्या तारखेला सांगितलं, कोणत्या तारखेसाठी, कोणत्या भागासाठी, काय सांगितलं, प्रत्यक्ष किती मिलिमीटर, आणि निकाल. प्रत्येक चॅनेलला एक पान. महिनाभर रोज फक्त "परवा काय होणार" एवढंच टिपा. एकाचा उद्याचा अंदाज आणि दुसऱ्याचा आठ दिवसांनंतरचा, अशी तुलना करू नका, ती अन्यायाची होते. प्रत्यक्ष पावसासाठी कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय आकडे मिळतात. सहसा चूक होते ती इथे: पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या सकाळी मोजला जातो. हे विसरलात तर बरोबर असलेला अंदाजही वहीत चूक दिसेल. शेतावरचा पाऊस मोजायचा तर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि सकाळी पट्टी बुडवा. पाण्याची उंची हाच मिलिमीटरमधला पाऊस. डब्याचं तोंड लहान-मोठं असल्याने फरक पडत नाही, भिंत तिरकी असली तर पडतो, म्हणून बादली चालत नाही.

२.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस धरा, हवामान विभागही तेच धरतो. महिनाअखेर दोन आकडे काढा. समजा महिन्यात पावसाचे दिवस १३ झाले. पहिल्या चॅनेलने २२ वेळा पाऊस सांगितला, त्यातले ११ दिवस खरे. दुसऱ्याने १० वेळाच सांगितला, त्यातले ७ खरे. पहिल्याने १३ पैकी ११ दिवस पकडले, पण त्याचा निम्मा गलका फुकट. दुसऱ्याने ६ दिवस हुकवले, पण तो पाऊस म्हणाला की दहात सात वेळा पडला. यात चांगला कोण? पेरणीला दुसरा. कारण खोट्या पावसावर पेरलं तर एकरी २६ ते ३० किलो बियाणं मातीत जातं आणि दुबार पेरणी येते. काढणीला पहिला. सोयाबीन कापून रानात पडलेलं असताना खोट्या इशाऱ्याची किंमत म्हणजे बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग) लावून ताडपत्री टाकायचे दोन तास. हुकलेल्या इशाऱ्याची किंमत म्हणजे शेंगांत उगवलेला दाणा. जूनमध्ये एकाला ऐकायचं आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याला, यात काही वावगं नाही. तुमच्या नुकसानीचा हिशेब महिन्यागणिक बदलतो, म्हणून ऐकायचा माणूसही बदलतो.

आणखी एक कसोटी त्याच वहीवर लावा. "आज पाऊस झाला तर परवाही होईल, नाही झाला तर नाही" असा आंधळा नियम धरून त्याचंही एक पान भरा. ज्या चॅनेलला या नियमाइतकेही गुण मिळत नाहीत, त्याला ऐकून तुम्ही काय मिळवताय? ही परीक्षा जुलैच्या ऐन झडीत घेऊ नका, त्यातही कोकणात तर मुळीच नाही. तिथे जुलैत रोज "पाऊस" म्हणणारा पोरगाही जवळपास रोज पास होतो. जूनचा पहिला पंधरवडा, ऑगस्टचा खंड आणि ऑक्टोबर, या दिवसांत माणूस कळतो.

काही खाती वही न उघडताही काढता येतात. ज्याच्या व्हिडिओत तारीख बोललेली नसते, तो व्हिडिओ पुढच्या वर्षीही चालावा म्हणूनच तसा केलेला असतो. जो चुकलेले व्हिडिओ गुपचूप काढून टाकतो आणि बरोबर आलेला तुकडा पुन्हा पुन्हा दाखवतो, त्याचं खातं ओळखायला सोपं आहे: त्याने पंधरा दिवसांपूर्वी केलेला व्हिडिओ शोधा, सापडत नसेल तर समजा. जो रोज अठरा जिल्ह्यांना इशारा देतो, त्याचा काही ना काही इशारा रोज खरा ठरणारच. आणि जो रंगीत नकाशाचा एकच फोटो टाकून अरबी समुद्रात चक्रीवादळ दाखवतो, त्याच्यापासून विशेष जपा. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल, म्हणजे संगणकावर केलेलं हवामानाचं गणित, सोळा दिवसांपर्यंतचं चित्र देतं आणि ते कोणालाही फुकट बघता येतं. दहा-बारा दिवसांपुढे त्यात एखादं वादळ उमटतं आणि पुढच्या गणितात गायब होतं. मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, म्हणजे त्या फोटोनंतर सहा तासांनी चित्र बदललेलं असू शकतं. जाणकार माणूस जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ यांची तुलना दाखवतो, लागोपाठच्या तीन-चार गणितांत काय टिकलं ते सांगतो, आणि "आत्ता खात्री नाही, गुरुवारी परत सांगतो" असं म्हणतो. असं म्हणणारा माणूस मिळाला तर त्याला यादीत ठेवा.

विकणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. अंदाज सांगता सांगता "पाऊस उघडला की हे टॉनिक मारा, खाली लिंक आहे" असं येतं तिथे तो हवामान सांगणारा राहत नाही, दुकानदार होतो. दुकानदार असणं वाईट नाही, पण त्याचा सल्ला फवारणी वाढवण्याकडेच झुकणार. फवारणीसाठी औषध कोणतं हे विद्यापीठाच्या शिफारशीवरून आणि डब्यावरच्या लेबलवरून ठरवा. त्या पिकाचं आणि त्या किडीचं नाव लेबलवर नसेल तर ते औषध त्या कामाचं नाही. फवारणीची वेळ तीन तासांच्या तात्काळ अंदाजावरून आणि स्वतःच्या डोळ्यांनी ठरवा, वाऱ्याने धार वाकडी जात असेल तर पंप खाली ठेवा. तुमच्या यादीतलं पाचवं आणि सहावं खातं म्हणजे वहीत टिकलेले दोन खाजगी. सातवं म्हणजे तुमच्याच महसूल मंडळातल्या पंधरा-वीस शेतकऱ्यांचा एक ग्रुप, ज्यात अंदाज टाकायला बंदी आणि फक्त "आमच्याकडे इतका पडला" एवढंच लिहायची मुभा. असा ग्रुप नसेल तर स्वतः काढा. हाच ग्रुप सगळ्यात जास्त कामाचा ठरतो.

द्राक्षवाल्यांची यादी अर्थात वेगळी. निफाड, दिंडोरी, तासगावकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पान किती तास ओलं राहतं यावर डाऊनी हा रोग येतो, त्यासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला आधी ठेवावा.

आता फोनमधली कामं. अर्ध्या तासात होतात, पण केल्याशिवाय यादीचा उपयोग नाही, कारण तुम्ही काढलं तरी यूट्यूब तेच परत समोर आणतं.

यूट्यूबवर नको असलेल्या चॅनेलचं नुसतं सबस्क्रिप्शन काढून भागत नाही. त्याच्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर दाबून, हे चॅनेल सुचवू नका अशा अर्थाचा पर्याय निवडा. मग हिस्टरीत जाऊन त्याचे बघितलेले व्हिडिओ पुसा. रोज बघताना पहिलं पान उघडू नका, सबस्क्रिप्शनच्या टॅबमध्ये जा, तिथे तारखेच्या क्रमाने दिसतं. घंटी फक्त दोन खाजगी चॅनेलांना, बाकी बंद. एक्सवर हवामान विभागाच्या खात्यांची एक खाजगी लिस्ट करा. लिस्टमध्ये घालायला फॉलो करावं लागत नाही आणि मधे कोणाच्या भलत्या पोस्ट घुसत नाहीत. फेसबुकवर पेजला फेव्हरेट्समध्ये घाला, नाहीतर परवाचा इशारा आज दिसेल. व्हॉट्सॲपवर ग्रुपपेक्षा चॅनेल बरं. ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, चॅनेलच्या बाकी फॉलोअर्सना दिसत नाही. पण चॅनेल मूळचं म्यूट असतं. पावसाळ्यात विद्यापीठाचं किंवा हवामान विभागाचं चॅनेल हाताने अनम्यूट करायला विसरू नका.

निळ्या टिकेवर जाऊ नका. एक्सवर २०२३ पासून ती पैसे भरून मिळते, फेसबुक-इन्स्टावरही विकत मिळते. एक्सवर सरकारी खात्यांना राखाडी टिक असते, ती बघा. यूट्यूबची टिक एक लाख सबस्क्रायबर झाल्यावर मागता येते, तिचा हवामानाच्या ज्ञानाशी संबंध नाही. फेसबुक पेजचा संशय आला तर त्याच्या माहितीत जाऊन पेज कधी काढलं आणि नाव किती वेळा बदललं ते वाचा. काल विनोदाचं असलेलं पेज आज "हवामान महाराष्ट्र" झालेलं सापडतं. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असलेला मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असतो. त्यात तारीख नसेल तर पुढे पाठवू नका.

आणि तुमच्या प्रश्नातले ते दोघे. "सात जूनपासून मुसळधार" आणि "वीसपर्यंत पेरू नका" ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात असतीलच असं नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोचला, म्हणजे नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. मग पुढची चाल जवळजवळ पंधरवडाभर खोळंबली. मुंबईतली बातमी बघून पेरणारा आणि थांबणारा, दोघांनाही "मान्सून आला" हेच ऐकू आलं होतं. पेरणीसाठी बघायचं ते तुमच्या मंडळात एकूण किती मिलिमीटर झाला. ७५ ते १०० मिलिमीटर होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) येईपर्यंत सोयाबीन टाकू नका. भारी जमिनीत तर शंभराकडेच झुका. डब्यातले रोजचे आकडे बेरजेने लिहीत जा. बेरीज पंच्याहत्तरच्या वर गेली, मुठीत दाबलेला मातीचा गोळा टाकल्यावर फुटला, आणि शुक्रवारच्या परभणीच्या पत्रकात पुढे मोठा खंड दिसत नसेल, तर तिफण जोडा, मग तारीख नऊ असो की बावीस.